हाडाचा कॅन्सर झालेल्या कुत्र्याला निरोप देण्याची वेळ कशी ओळखावी?

आपला प्रश्न दोनदा वाचला. आपला लॅब्रॅडॉर दहा वर्षांचा आहे. पुढच्या उजव्या पायावर मनगटाच्या वर आलेली सूज लचकेची नसून ऑस्टिओसार्कोमाची, म्हणजे हाडाच्या कॅन्सरची, असल्याचे निदान झाले आहे आणि छातीच्या एक्सरेत फुप्फुसांवर डाग दिसले आहेत. घोडबंदर रोडवरच्या आपल्या घरात आता एकमत उरलेले नाही. पुण्यात राहणारा भाऊ पाय काढण्याची शस्त्रक्रिया करू या म्हणतो, आईला इंजेक्शन देऊन जीव घेणे पाप वाटते, आणि आपण विचारता, "तो अजून जेवतो, मला पाहून शेपूट हलवतो, मग वेळ झाली हे मी ओळखायचे कसे?" मी पशुवैद्य नाही. नेरुळला आमच्या घरी वाढलेला खंड्या, डॉबरमन आणि गावठी यांच्या संकरातला, याच आजाराने गेला. त्याच्या शुश्रूषेत डॉक्टरांकडून जे समजले आणि त्या काळात व नंतर जे वाचले, त्याच्या आधारे उत्तर देते आहे.

सर्वांत आधी हे सांगते की जेवण आणि शेपूट या दोन खुणांवर विसंबू नका. माणसाळलेला कुत्रा असह्य दुखत असतानाही घरच्या माणसाला पाहून शेपूट हलवतो, आणि लॅब्रॅडॉरची अन्नावरची वासना तर इतकी बळकट असते की पाय टेकवता येत नसतानाही तो ताटली चाटूनपुसून स्वच्छ करतो. दुखणे दिसते ते दुसरीकडे. पंख्याखाली शांत पडलेला असताना विनाकारण धापा टाकणे, दुखरी जागा सतत चाटत राहणे, उठण्याआधी क्षणभर थांबून जणू मनाची तयारी करणे, कुणी जवळून गेले तरी पाय आखडून घेणे, आजवर कधी न गुरगुरलेल्या कुत्र्याने स्पर्शाला गुरगुरणे, या सगळ्या वेदनेच्या खुणा आहेत. आमच्या घरी दिवसा सगळे ठीक वाटायचे, पण रात्री खंड्याला जागा सापडत नसे. तो हॉलमध्ये दिवाणापाशी बसे, उठे, दाराजवळ जाई, पुन्हा उठे, आणि शेवटी न्हाणीघराच्या थंड फरशीवर तीन पायांवर मान खाली घालून नुसता उभा राही, कारण आडवे होताना पायावर येणारा भार त्याला नको असे. आमच्या डॉक्टरांना दिवसाच्या वर्णनापेक्षा मोबाइलवर घेतलेल्या त्या रात्रीच्या चित्रफितीतून अधिक कळले. आपणही एक-दोन रात्री जागून तो काय करतो हे टिपून ठेवावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

भावाच्या म्हणण्यात तथ्य आहे. पाय काढला की वेदनेचे मूळच जाते, आणि बहुतेक कुत्री तीन पायांवर आपल्या कल्पनेपेक्षा लवकर सावरतात. नुसता पाय काढल्यास साधारण चार ते पाच महिने आणि त्याला कार्बोप्लॅटिनसारख्या केमोथेरपीची जोड दिल्यास साधारण दहा ते बारा महिने आयुष्य मिळते, असे पशुवैद्यकात मानले जाते. परंतु हे आकडे एक्सरेत फुप्फुसे स्वच्छ दिसणाऱ्या कुत्र्यांचे आहेत. हा कॅन्सर मुळातच लवकर पसरणारा आहे. निदान होते तेव्हा सुमारे ९० टक्के कुत्र्यांमध्ये तो सूक्ष्म रूपात इतरत्र पोहोचलेला असतो, फक्त त्या गाठी एक्सरेत दिसण्याएवढ्या मोठ्या झालेल्या नसतात. आपल्याकडे तर त्या दिसल्याच आहेत. शिवाय कुत्र्याच्या शरीराचा साधारण ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो, आपला कुत्रा वजनाने भारी आहे आणि मागच्या खुब्यांना संधिवात आहे असे आपणच लिहिले आहे. अशा स्थितीत मोठी शस्त्रक्रिया, टाके, आणि नव्याने उभे राहायला शिकण्याची धडपड यांत त्याच्या उरलेल्या काळाचा मोठा भाग खर्ची पडेल. मी आपल्या जागी असते तर शस्त्रक्रिया केली नसती. तरीही भावाचे समाधान होणे महत्त्वाचे आहे, म्हणून दुसरे मत जरूर घ्या. परळला मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि त्याच आवारातल्या ज्या रुग्णालयाला जुनी माणसे बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात तिथेही दाखवता येईल. मात्र कुत्र्याला शीवच्या वाहतुकीतून तिथवर नेण्याआधी एक्सरे आणि रक्ताचे अहवाल घेऊन आपण एकट्याने जाऊन यावे. पुष्कळदा तेवढ्यावरच मत मिळते.

शस्त्रक्रिया न करणे म्हणजे काहीच न करणे नव्हे. या आजाराचे दुखणे एका औषधाने सहसा आवरत नाही. डॉक्टर बहुधा मेलोक्सिकॅम किंवा कार्प्रोफेनसारखे सूज आणि वेदना कमी करणारे औषध देतात आणि त्याच्या जोडीला गॅबापेंटिन देतात. काही कुत्र्यांना झोलेड्रोनिक आम्लाचे सलाइन साधारण महिन्याच्या अंतराने दिल्यास हाडाची झीज मंदावून बराच आराम पडतो, मात्र त्याआधी मूत्रपिंडाची तपासणी करावी लागते. मेलोक्सिकॅमच्या वर्गातली औषधे आणि प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइडे एकत्र कधीही देऊ नयेत, कारण त्यामुळे पोटात जखमा होऊन रक्तस्राव होऊ शकतो. शी काळी आणि चिकट होऊ लागली किंवा उलट्या सुरू झाल्या तर पुढची गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना कळवावे. रात्री तो कण्हतो आहे हे पाहून घरातली कॉम्बिफ्लाम किंवा डायक्लोफिनॅकची गोळी देण्याचा मोह होईल. कृपया देऊ नका, माणसांच्या त्या गोळ्या कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला घातक ठरतात. औषध दोन तास उशिरा दिले तर काय बिघडते असे वाटते, पण दुखणे एकदा वर चढले की पुढच्या मात्रेलाही ते लवकर उतरत नाही, म्हणून वेळा कसोशीने पाळाव्यात.

घरातही थोडे बदल करा. गुळगुळीत लाद्यांवर पाय घसरला तर ते हाड तिथेच मोडू शकते, कारण वाळवी लागलेल्या वाशासारखे ते आतून पोखरलेले असते. त्याच्या येण्याजाण्याच्या वाटेवर सतरंज्या किंवा योगासनांच्या चटया अंथरा, सोफ्यावर चढणे पूर्ण बंद करा, आणि गाडीत घेताना पोटाखालून टॉवेल घालून उचला. आमची इमारत सिडकोची, बिनलिफ्टची आहे. तिसऱ्या मजल्यावरून खंड्याला जाड चादरीच्या झोळीत घालून चौघांनी उतरवावे लागे, आणि वरच्या दोन कोपऱ्यांना धरणाऱ्यांनी पायरी आधी बोलून दाखवायची हे पुढे ठरूनच गेले. आपल्याकडे लिफ्ट असली तरी अशी एक चादर आणि चार माणसांचे फोन नंबर हाताशी ठेवा. हाड अचानक मोडले तर कुत्रा किंचाळतो, जवळ येणाऱ्या आपल्या माणसालाही चावू शकतो, आणि असे मध्यरात्री झाले तर निर्णय घ्यायला शांतपणा उरत नाही. रात्री उघडा असणारा दवाखाना कोणता, याची चौकशी आजच करून ठेवा.

आता आपल्या मुख्य प्रश्नाकडे येते. वेळ झाली हे कुत्रा डोळ्यांनी सांगतो, असे अनेक जण आपल्याला सांगतील. काही कुत्री सांगत असतील, परंतु त्या एका नजरेची वाट पाहत बसणे मला धोक्याचे वाटते, कारण प्रेम करणारा माणूस ती नजर आज नाही, उद्या पाहू, असे म्हणत राहतो. त्यापेक्षा तो बरा असतानाच, घरातल्या सर्वांनी एकत्र बसून, त्याला जगणे गोड वाटायला लावणाऱ्या तीन-चार गोष्टी कागदावर लिहा. त्या त्याच्याच असाव्यात, पुस्तकातल्या नव्हेत. खंड्याच्या कागदावर होते: दूधवाल्याच्या बेलवर भुंकणे, सकाळी बाल्कनीच्या जाळीतून खालच्या मांजरांवर पहारा ठेवणे, आणि बाबा जेवायला बसले की त्यांच्या पायावर हनुवटी टेकवणे. यांतल्या दोन गोष्टी सुटल्या की डॉक्टरांना बोलवायचे, असे आम्ही आधीच ठरवले होते आणि तसेच केले.

याच्या जोडीला एक तक्ताही वापरता येतो. अमेरिकेतल्या पशुकर्करोगतज्ज्ञ डॉ. अ‍ॅलिस विलालोबोस यांनी २००४ साली तो मांडला. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटापेक्षा चांगले दिवस अधिक असणे, या सात बाबींना शून्य ते दहा गुण द्यायचे आणि बेरीज ३५ च्या वर असेल तर जगणे सुसह्य आहे असे मानायचे. जितका चांगला दिवस तितके अधिक गुण. दर दोन-तीन दिवसांनी आपण, आई आणि भाऊ यांनी एकमेकांना न दाखवता गुण द्यावेत. वेदनेच्या घरात, म्हणजे त्यात नीट श्वास घेता येणेही आले, दुखणे आवरून पुरेसे गुण मिळत नसतील तर बाकीच्या बेरजेला मी महत्त्व देणार नाही. फुप्फुसांत गाठी असल्यामुळे आपण श्वासाकडे विशेष लक्ष द्यावे. तो गाढ झोपेत असताना छाती मिनिटाला किती वेळा वर येते ते मोजा. हा आकडा ३० च्या वर राहू लागला तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा.

आईंच्या मताबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि त्यांना वादात हरवून हा निर्णय होऊ नये. नैसर्गिक मरण शांतच असते असा आपल्याकडे समज आहे. वार्धक्याने थकून गेलेल्या जिवाच्या बाबतीत तसे असेलही, पण या आजारात ते बहुधा हाड मोडून किंवा श्वास कोंडून येते, आणि हे डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून सांगितलेले बरे. जमल्यास त्यांना एक जुनी हकीकत सांगा. १९२८ साली साबरमती आश्रमातले एक वासरू उपचारांच्या पलीकडे गेले होते आणि वेदनेने तळमळत होते. गांधीजींनी सहकाऱ्यांशी चर्चा करून, स्वतः जवळ उभे राहून, डॉक्टरकरवी त्याला इंजेक्शन देववले. देशभरातून संतप्त पत्रे आली, तरी आपण केले ती हिंसा नव्हती, या मतावर ते ठाम राहिले. अहिंसेविषयी त्यांच्याइतका विचार केलेला माणूस या निर्णयापर्यंत येऊ शकतो, हे ऐकून माझ्या सासूबाईंचे मन वळले नाही, पण हलके झाले, आणि शेवटच्या दिवशी खंड्याच्या तोंडात गंगाजळ त्यांनीच घातले.

तो दिवस येईल तेव्हा डॉक्टरांना घरी बोलावणे शक्य असेल तर तेच करा. ठाण्यात घरी येणारे पशुवैद्य मिळतात, मात्र त्यांची वेळ आधी घ्यावी लागते. त्यांना एक प्रश्न स्पष्ट विचारा: शेवटचे औषध देण्याआधी आपण त्याला पूर्ण बेशुद्ध करणार ना? हा क्रम अत्यंत महत्त्वाचा आहे. आधी गुंगीचे इंजेक्शन दिले जाते आणि काही मिनिटांत कुत्रा गाढ झोपतो. मग पायाच्या शिरेतून भुलीच्या औषधाची, म्हणजे पेंटोबार्बिटल किंवा थायोपेंटोनची, मोठी मात्रा दिली जाते. आधी श्वास थांबतो, मग हृदय, आणि डॉक्टर छातीला स्टेथोस्कोप लावून खात्री करून घेतात. डोळे बहुधा उघडेच राहतात, एखादा खोल श्वास आल्यासारखा भास होतो, स्नायू थरथरतात, लघवी होते. हे आधी माहीत नसेल तर तो तडफडला असे वाटून माणूस आयुष्यभर कुढत राहतो. त्या वेळी त्याला काहीही जाणवत नसते. आपल्याला समोर थांबवेल का, असे आपण विचारले आहे. किमान गुंगी चढेपर्यंत थांबा, कारण तोपर्यंत त्याला आपला आवाज ऐकू येतो. त्यानंतर बाहेर गेलात तरी त्याचे काही अडत नाही.

अंत्यविधीची चौकशी आधीच करून ठेवा. महापालिकेच्या कार्यालयात आणि आपल्या डॉक्टरांकडे विचारा. मालाडला मुंबई महापालिकेने लहान प्राण्यांसाठी दहनाची सोय केली आहे, पण ठाण्याहून निघण्याआधी फोन करून खात्री करून घ्या. येऊरला नेऊन पुरावे असे कुणी सुचवील, तसे करू नका. तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि वन्यप्राणी मृतदेह उकरून काढतात. भावाला पुण्याहून यायचे असेल तर त्याने हे वाचून लगेच निघावे, कारण कुत्रा ओळख दाखवून भेटेल असे दिवस याच आठवड्यात आहेत, आणि कागदावरची यादी तयार करायलाही तो समोर असलेला बरा.