रेडियस पोस्टग्रेसवर नेला आणि काहीच ग्राहक अडकले, तेव्हा

नमस्कार. तुमची अडचण मला समजली ती अशी: फ्रीरेडियस ३ (ग्राहकाचं नाव-पासवर्ड तपासून त्याला इंटरनेटवर घेणारा सर्व्हर) इतकी वर्षं मारियाडीबी या डेटाबेसवर चालत होता, तो तुम्ही वेगळ्या मशिनवरच्या पोस्टग्रेस या डेटाबेसला जोडलात. डेटा सगळा आला. पण दोन हजारांतले शे-सव्वाशे पीपीपीओई (राउटरमधून नाव-पासवर्ड देऊन जोडणारे) ग्राहक रिजेक्ट होताहेत, पासवर्ड तेच असूनही. आणि तुम्ही दोन दिवस फायरवॉल नि पीजी_एचबीए (पोस्टग्रेसला कोण कुठून जोडू शकतो ते ठरवणारी) फाईल उसवत बसला आहात.

ते आधी थांबवा. जोडणीच तुटलेली असती तर सगळेच बाहेर राहिले असते. उरलेले अठराशे-एकोणीसशे आत येतात, म्हणजे वायर, पोर्ट ५४३२, पासवर्ड, सगळं ठीक आहे. दोष डेटात आहे, आणि तो जुनाच आहे. मारियाडीबी तो पोटात घालत होती.

सर्व्हिस बंद करून फ्रीरेडियस -एक्सने (प्रत्येक पायरी पडद्यावर छापणाऱ्या मोडमध्ये) चालवा आणि अडलेल्या एका ग्राहकाला लॉगिन करायला सांगा. पडद्यावर रेडचेक या, ग्राहकांची नावं-पासवर्ड असलेल्या टेबलवरची पूर्ण क्वेरी छापून येईल. ती उचला, पीएसक्यूएलमध्ये (पोस्टग्रेसला थेट क्वेरी देण्याच्या प्रोग्राममध्ये) तशीच चिकटवा. शून्य ओळी येतील असा माझा अंदाज आहे. मग त्याच ग्राहकाचं नाव लाईकने शोधा आणि शेजारी नावाची लांबी काढा. आमच्याकडे फ्लॅटच्या नंबरावरून युजरनेम होती. बी२०४ ची लांबी चार यायला हवी, आली पाच. शेवटी एक स्पेस होती! एक्सेलमधून कॉपी-पेस्ट करताना कोणीतरी कधीतरी टाकलेली, पडद्यावर अर्थातच न दिसणारी. मारियाडीबी नेहमीच्या कोलेशनमध्ये (अक्षरांच्या तुलनेच्या नियमांत) तुलना करताना शेवटची स्पेस धरत नाही, पोस्टग्रेस धरतो.

दुसरा प्रकार कॅपिटल-स्मॉलचा. टेबलात मोठा बी, ग्राहकाच्या राउटरमध्ये छोटा बी. मारियाडीबीला दोन्ही सारखेच, पोस्टग्रेसला ही दोन वेगळी माणसं. तुमचे शे-सव्वाशे बहुतेक या दोन ढिगांत वाटले जातील.

उपाय करताना घाई नको. टेबलातली नावं ट्रिम आणि लोअर करण्याआधी, तसं केल्यावर एकच होणारी नावं आहेत का ते ग्रुप बाय लावून बघा. रेडचेकमध्ये युजरनेमवर युनिक बंधन नसतं, त्यामुळे एकाच ग्राहकाचे दोन पासवर्ड निघू शकतात. रेडरिप्लाय आणि रेडयुजरग्रुप ही प्लॅन नि गटांची टेबलंही सोबतच साफ करा, नाहीतर माणूस आत येईल पण त्याचा स्पीड प्लॅन बाहेरच राहील. मग पोस्टग्रेसच्या क्वेरीज फाईलमध्ये एसक्यूएल_युजर_नेम या ओळीत टूलोअर (सगळी अक्षरं छोटी करणारं) लावा. विनंतीतलं मूळ युजर-नेम मात्र बदलू नका. एमएस-चॅप व्ही२ या पासवर्ड तपासण्याच्या पद्धतीत युजरनेम हॅशच्या हिशेबात असतं, तिथे अक्षर बदललं की बरोबर पासवर्डही चुकीचा ठरतो. लोअर वापरणाऱ्या तयार क्वेरी त्याच फाईलमध्ये कॉमेंट करून ठेवलेल्या आहेत, पण शेजारीच त्या संथ असल्याचा इशाराही आहे. मी डेटा साफ करणंच पसंत करतो.

(ज्यांचं एकही खातं चालत नाही त्यांच्यासाठी: साइट फाईलमध्ये एसक्यूएलच्या आधी वजाचं चिन्ह असतं. त्याचा अर्थ, मॉड्यूल लोड नसेल तर गुपचूप पुढे जा. मॉड्स-एनेबल्डमध्ये लिंक करायची राहिली तर सर्व्हर कुरकुर न करता सुरू होतो आणि सगळ्यांना नाकारतो. ड्रायव्हर बदलला पण डायलेक्ट (कोणत्या डेटाबेसच्या क्वेरी वापरायच्या ते) माईएसक्यूएलच राहिला, हाही नेहमीचा घोळ.)

आता जे तुम्ही विचारलं नाहीत, पण आठवड्याभरात विचाराल. डेटा आयडीसकट आणला असेल तर पोस्टग्रेसचे सिक्वेन्स (नव्या ओळीला पुढचा आयडी देणारे काउंटर) अजून एकवरच उभे असतील. मी एका हॉस्टेलच्या नेटवर्कवर रात्री दोनला हेच करून खुशीत झोपलो. सकाळी मुलं मजेत ऑनलाइन आणि रेडअ‍ॅक्टमध्ये (कोण कधी ऑनलाइन होतं त्याच्या टेबलात) एकही नवी नोंद नाही. प्रत्येक इन्सर्ट जुन्या आयडीवर आपटत होता. गंमत म्हणजे फसलेल्या प्रयत्नालाही सिक्वेन्स एकाने पुढे सरकतो, म्हणजे काही लाख वेळा आपटून ते आपोआप बरंही झालं असतं! सेटव्हॅलने प्रत्येक टेबलाचा सिक्वेन्स सर्वांत मोठ्या आयडीवर नेऊन ठेवा, पाच मिनिटांचं काम.

टेबलं आयात करणाऱ्या टूलला बनवू देऊ नका. फ्रीरेडियससोबत येते ती पोस्टग्रेसची स्कीमा (टेबलांचा आराखडा) आधी चढवा, मग नुसता डेटा ओता. नाहीतर आयपीच्या कॉलमचा प्रकार बदलतो, इंडेक्सही राहून जातात. जुन्या सेशन्समध्ये शेवटची वेळ सगळी शून्यं अशी असेल तर ती नल करा, पोस्टग्रेस तसली तारीख घेतच नाही. बंद झालेली जुनी सेशन्स नव्या डेटाबेसात आणायचा हट्टही नको. पण फेकूही नका, इंटरनेट सेवेच्या सरकारी परवान्याच्या अटीत नोंदी ठेवायची मुदत २०२१ च्या डिसेंबरात एका वर्षावरून दोन वर्षांवर गेली आहे. जुना डंप (जुन्या डेटाबेसची प्रत) जपून ठेवा.

डेटाबेस आता वेगळ्या मशिनवर आहे, तेव्हा अकाउंटिंग (ग्राहकांच्या वापराच्या नोंदी) थेट त्यावर टाकू नका. बफर्ड-एसक्यूएल नावाची तयार साइट आहे. त्यात नोंद आधी लोकल डिटेल फाईलमध्ये पडते, राउटरला उत्तर लगेच मिळतं, आणि फाईलमधून सावकाश पोस्टग्रेसमध्ये जाते. डेटाबेस तासभर बंद असला तरी नोंद हरवत नाही. तसंच पूलमध्ये (डेटाबेसच्या तयार जोडण्यांच्या सेटिंगमध्ये) स्टार्टची किंमत शून्य करा. लाईट जाऊन आल्यावर रेडियसचं मशिन आधी उठतं, समोर पोस्टग्रेस नसला की सर्व्हिस सुरूच होत नाही, आणि मग पहाटे फोन येतो.

एवढं करूनही कोणी अडलं तर त्या एका लॉगिनचं -एक्सचं आउटपुट इथे टाका. टाकण्याआधी त्यातले पासवर्ड खोडा, ते तिथे उघडे छापले जातात.