'नाटकाचं वाटतंय, कमी करा' म्हणतात तेव्हा

तुम्ही लिहिलंय की कॉलेजपासून एकांकिका केल्या, बक्षिसं आहेत, आणि वर्सोव्याच्या आरामनगरला, जिथे कास्टिंगवाल्यांची ऑफिसं आहेत, ऑडिशन दिली की 'नाटकाचं वाटतंय, थोडं कमी करा' एवढंच ऐकून परत येता, म्हणून आता एका अ‍ॅक्टिंग क्लासचे पैसे भरायचा विचार चाललाय. वाचून राहवलं नाही, माझी सुरुवातीची वर्षं ह्याच वाक्याने खाल्लीत. आधीच सांगतो, मी मालिका आणि सिनेमांत छोटी कामं करतो, गुरू वगैरे नाही, दुसऱ्याचा अनुभव वेगळा असू शकतो.

अंधेरीतला एक क्लास, नाव घेत नाही. पूर्ण फी आधी. शिकवणं काय, तर भुवई हलवू नका, हात खाली, आवाज खाली. वर कुलेशॉव्ह या रशियन दिग्दर्शकाच्या प्रयोगाचा दाखला, की चेहरा तोच, पुढे सूप दाखवलं की भूक दिसते आणि शवपेटी दाखवली की दुःख, म्हणजे नटाने काही करायचंच नाही! अहो, तो 1920 च्या आसपासचा मूकपटातला प्रयोग, तो संकलनाची ताकद दाखवतो. दोन मिनिटांच्या सलग टेकमध्ये समोरचा तुमच्याशी भांडत असताना कुठलं संकलन वाचवणार? आणि सगळ्यात चीड याची येते की आमचं शूट केलेलं त्यांनी आम्हाला कधी दाखवलंच नाही, शोरील, म्हणजे कामाचे निवडक तुकडे जोडलेला व्हिडिओ, मागायला गेलं की 'एडिटला आहे'. तिथून बाहेर पडलो तेव्हा माझे डोळे मेलेले होते, आणि ते परत जिवंत करायला क्लासपेक्षा जास्त वेळ गेला.

माझं ठाम मत, कमी करायचं ते फक्त पोचवणं. दादरच्या शिवाजी मंदिर नाट्यगृहाच्या बाल्कनीपर्यंत जे पोचवत होतात ते आता समोरच्या माणसापुरतं, पण मनातला विचार, त्याच्याकडून काय हवंय ते, नाटकाइतकंच पूर्ण पाहिजे. आणि ऐका, खरंच ऐका, क्लोजमध्ये, म्हणजे चेहऱ्याच्या जवळच्या शॉटमध्ये, कितीतरी वेळा बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याचा चेहरा वापरतात.

बाकी सेटवर फ्रेम कुठून कापलीय ते कॅमेरा असिस्टंटला बिनधास्त विचारा, कमरेपासून असेल तर हात मोकळे, खांद्यापासून असेल तर उगाच मान हलवू नका. मास्टरला, म्हणजे अख्खा सीन लांबून घेतात त्या शॉटला, कप कुठल्या शब्दावर उचलला ते लक्षात ठेवा नाहीतर क्लोज जुळणार नाही. कधीकधी तुमच्या क्लोजच्या वेळी समोरचा नट निघून गेलेला असतो, असिस्टंट कोरडा क्यू देतो आणि लुक म्हणून, म्हणजे नजर कुठे ठेवायची त्यासाठी, कॅमेऱ्याशेजारी टेपचा तुकडा, तिथे तालमीत कमावलेली कल्पनाशक्तीच कामाला येते, त्यामुळे नाटक अजिबात सोडू नका.

सरावाला मोबाइल पुरतो. डोळ्यांच्या उंचीवर आडवा लावा, समोरच्याचे संवाद वाचणारा मित्र मोबाइलच्या अगदी बाजूला, एकच उतारा कमरेपासून, छातीपासून आणि नुसता चेहरा असा शूट करा, मग आवाज बंद करून बघा. माणूस काय विचार करतोय ते तरीही कळलं पाहिजे.

हो, ऑडिशनसाठी कोणी पैसे मागितले तर सरळ निघून या. आणि क्लास लावायचाच असेल तर भरण्याआधी विचारा की प्रत्येकाचा क्लोज शूट करून त्याच दिवशी स्क्रीनवर दाखवता का, फुटेज घरी देता का. उत्तर गोलगोल आलं तर तेच पैसे एखाद्या बऱ्या माइकला आणि लाइटला घाला.