घरच्या आजारपणानंतर ‘अर्जंट’ म्हणजे काय, याचा अर्थ तुमच्यासाठी बदलला का?

(प्रश्नकर्त्याने पुढे लिहिलंय: वडील आठवडाभर दवाखान्यात होते, आता बरे आहेत. पण ऑफिसातली सगळीच कामं फालतू वाटायला लागली आहेत. महत्त्वाचं आणि तातडीचं असा चार चौकटींचा तक्ता करून पाहिला, उपयोग झाला नाही.)

तक्ता फाडून टाका. का ते पुढे येईल.

मी बडोद्यात जीएसटी आणि इन्कम टॅक्सची कामं करतो. ऑफिस रावपुऱ्यात, घर दांडिया बाजारातल्या एका बोळात, चालत दहा मिनिटं. आमच्या धंद्यात वीस तारीख म्हणजे थ्री-बी, म्हणजे जीएसटीचा महिन्याचा रिटर्न, भरायचा शेवटचा दिवस. महिनाभर झोपलेले लोक एकोणीसच्या रात्री जागे होतात आणि बिलांचे फोटो पाठवतात, तेही तिरके. वर मेसेज, ‘भाई, अर्जंट छे.’

त्या वीस जानेवारीला सकाळी नऊ चाळीसला आईचा फोन आला. पोर्टल गोल गोल फिरत होतं. आई म्हणाली, “अरे, जबडा ठणकतोय. दाताचंच असेल. संध्याकाळी येताना लवंगतेल आण.” मी बरं म्हटलं आणि समोरच्या पिवळ्या चिठ्ठीवर नऊ पार्ट्यांची, म्हणजे माझ्या गिऱ्हाइकांची, नावं होती त्यांच्याखाली लिहिलं, ‘लवंगतेल’. दहाव्या नंबरावर. ती चिठ्ठी अजून डोळ्यांसमोर आहे.

आईला चौदा वर्षांची शुगर आहे. इतक्या वर्षांच्या शुगरने नसा बोथट होतात, छातीत कळ येतच नाही किंवा आली तरी किरकोळ वाटते. बायकांमध्ये तर जबडा, पाठ, मळमळ, नुसता थकवा अशी भलतीकडूनच सुरुवात होऊ शकते. हे मला आज ठाऊक आहे. त्या दिवशी ठाऊक होतं ते एवढंच, की उत्तरायण, म्हणजे संक्रांत, होऊन सहा दिवस झालेत आणि घरात दोनदा उंधियू, ती सणाची तेलकट भाजी, झालंय. त्यामुळे दहाच्या सुमारास शेजारच्या काकू डोकावल्या तेव्हा त्यांनीही गॅसच ठरवला आणि ओवा-काळं मीठ दिलं. मी असतो तर मीही तेच दिलं असतं.

दहा पन्नासला काकूंचा फोन आला, “आई घामाने भिजलीय रे.” जानेवारीत. मी धावत गेलो तर आई झोपाळ्यावर दांडी धरून बसलेली, ब्लाउज पाठीला चिकटलेला, चेहरा राखेसारखा. आणि म्हणते काय, “तू कशाला आलास? तुझी वीस तारीख ना आज?”

आमचा जिना लाकडी आणि उभा. बोळातल्या दोन पोरांनी तिला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून खाली आणलं, वर तारांना अजून मांजा लटकत होता. रिक्षा केली. ही चूक होती. 108 ला फोन करून गाडी बोळाच्या तोंडाशी बोलवायला हवी होती. वाटेत काही झालं असतं तर रिक्षावाल्याने काय करायचं?

अकरा वीसला दवाखान्यात, पाच मिनिटांत इसीजी. डॉक्टर कागद बघून म्हणाले, हृदयाच्या खालच्या भिंतीचा अटॅक आहे, लगेच अँजिओप्लास्टी करू, सही करा.

आता इथून पुढचं मी खरं तर लिहायला बसलोय.

पेन हातात होतं. पण आमच्या घरात मोठ्याला विचारल्याशिवाय काही होत नाही, घराला रंगसुद्धा लागत नाही. दादा पुण्यात. अकरा एकतीसला मी त्याला फोन लावला. तो म्हणाला, “थांब, सही करू नकोस. इसीजीचा फोटो पाठव, माझ्या एका मित्राला दाखवतो. हे लोक सरसकट स्टेंट टाकतात.” फोटो पाठवला. मित्र मीटिंगमध्ये. “पंधरा मिनिटं दे.” मग वहिनीचा फोन, दुसऱ्या दवाखान्यात नेता येईल का. मग परत दादा. मधेच माझ्या पार्टीचा, ‘साहेब, चलान बन्युं?’ नर्स दोनदा येऊन गेली. तिसऱ्यांदा डॉक्टर स्वतः आले आणि म्हणाले, “तुमच्या भावाला सांगा, स्नायू मरतोय.” बारा दहाला मी सही केली.

आई पूर्ण शुद्धीवर होती. पडद्यापलीकडे, सहा फुटांवर. तिला कोणी विचारलंच नाही. मीही नाही, दादाने तर नाहीच. सज्ञान आणि शुद्धीवरच्या पेशंटची संमती त्याची स्वतःचीच लागते, तिच्या जागी नातेवाइकाची चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्येच स्पष्ट केलंय. त्या खटल्यात सही पेशंटच्या आईची होती. दिवसभर लोकांना कलमं सांगणारा माणूस मी, आणि हे मला तीन महिन्यांनी वाचून कळलं. नंतर आईला विचारलं, तुला सांगितलं असतं तर? म्हणाली, “केली असती सही. चष्मा तेवढा दिला असतास तर.”

दादाचं आजही म्हणणं आहे की उशीर झालाच नाही. दवाखान्यात पोचल्यापासून 90 मिनिटांत अँजिओप्लास्टीचा फुगा रक्तवाहिनीत जावा असा दंडक आहे आणि आपण 85 व्या मिनिटाला होतो. अरे, ती बाहेरची हद्द आहे! थ्री-बी वीसला भरता येतो म्हणून वीसलाच भरायचा, त्यातली ही गत. माझ्या पार्ट्या आणि माझा भाऊ एकाच शाळेतले.

हां, तक्ता. तो अमेरिकेचा तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर याच्या नावाने खपतो. 1954 च्या एका भाषणात त्याने तातडीचं आणि महत्त्वाचं यातला फरक सांगितला होता, तोही एका कॉलेजप्रमुखाचं म्हणणं म्हणून. पुढच्याच वर्षी सप्टेंबरात डेन्व्हरला त्यालाच रात्री अटॅक आला. आदल्या दिवशी गोल्फ खेळताना कांदा घातलेला हॅम्बर्गर खाल्लेला, त्यामुळे डॉक्टरने आधी पोटाचं धरलं, बाहेरही अपचन म्हणूनच सांगितलं. इसीजी निघाला दुसऱ्या दिवशी दुपारी. तिकडे कांदा, इकडे उंधियू. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाचा अटॅक अपचनाच्या चौकटीत जातो, तर माझ्या आईचा दहाव्या नंबरावर गेला यात नवल काय? चौकटी आखता येतात, पण कुठली गोष्ट कुठल्या चौकटीतली हे आधी कळावं लागतं, आणि ते फोनवरच्या आवाजाच्या पट्टीवरून कळत नाही. माझ्या पार्ट्या ओरडत होत्या. आई लवंगतेल मागत होती.

तुमच्या ऑफिसच्या कामांबद्दल एवढंच सांगतो. कोणी अर्जंट म्हटलं की विचारा, उशीर झाला तर नक्की काय होईल आणि ते नंतर भरून निघेल का? माझे त्या दिवशीचे नऊ रिटर्न तेवीसला गेले. लेट फी दिवसाला 50 रुपये. नऊ रिटर्न, तीन दिवस, 1,350 रुपये, वर 18 टक्क्यांनी तीन दिवसांचं थोडं व्याज. मी खिशातून भरले. इतकीच होती ती आणीबाणी. ज्याने अकरा वेळा फोन केला होता तो पुढच्या महिन्यात पुन्हा एकोणीसच्या रात्रीच उगवला. मी आता पंधरानंतर आलेली बिलं त्या महिन्यात घेत नाही. दोन पार्ट्या गेल्या.

दवाखान्याबद्दल मात्र ठाम सांगतो. पेशंट बोलू शकत असेल तर आधी त्याला विचारा. नसेल तर जो जागेवर उभा आहे त्याने ठरवावं. लांबच्यांना कळवायचं, विचारत बसायचं नाही.

थोडं सावरून घेतो. मी डॉक्टर नाही. प्रत्येक जबडादुखी हृदयाची नसते, बहुतेकदा दातच असतो. वेळ हातात असलेलं ऑपरेशन असेल तर दुसरं मत जरूर घ्या, त्यात दादा चूक नाही. आणि काम फालतू वाटतं म्हणून नोकरी सोडायच्या बेतात असाल तर जरा थांबा, दवाखान्याचं बिल माझ्या वीस तारखांनीच भरलं. दादाही घाबरलाच असेल, इतक्या लांबून माणूस फोन करण्यापलीकडे करणार काय. हे मी त्याला तोंडावर म्हटलेलं नाही.

तो या साइटवर येतो असं वहिनी म्हणाली होती. दादा, वाचत असशील तर 11:31 ते 12:10, एकोणचाळीस मिनिटं. ‘दहा-बारा मिनिटं’ नव्हे. कॉल लॉगचे स्क्रीनशॉट माझ्याकडे आहेत.