लिमिटर −०.१ वर असूनही गाणं का फाटतं?

सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेसाठी केलेलं सिद्धेश्वराचं गाणं लिमिटर (आवाजाची शिखरं ठरलेल्या मर्यादेवर अडवणारं साधन) −०.१ डीबीवर असूनही एमपीथ्री झाल्यावर हलगीच्या ठोक्याला फाटतं, असं तुम्ही म्हणताय. साधा मीटर फक्त सॅम्पल, म्हणजे ठरावीक क्षणांना घेतलेली आवाजाची मापं, मोजतो. वाजवताना त्या सॅम्पलांमधून सलग लहर तयार होते आणि तिचं शिखर दोन सॅम्पलांच्या मधे ० डीबीच्याही (डिजिटल आवाजाच्या कमाल पातळीच्याही) वर जाऊ शकतं. मीटरला ते दिसतच नाही. लिमिटरमध्ये ‘ट्रू पीक’ चालू करा (तो ओव्हरसॅम्पलिंग करून, म्हणजे सॅम्पलांच्या मधल्या जागाही मोजून, मधली शिखरंही पकडतो) आणि सीलिंग, म्हणजे वरची मर्यादा, −१ डीबी ठेवा. एमपीथ्री करताना लहरीचा आकार बदलतो, शिखरं आणखी चढू शकतात. म्हणून कमी बिटरेटला (जास्त दाबलेल्या फाइलला) मी तर −२ घेतो. लिमिटरनंतर ईक्यू (जाड-बारीक आवाज कमीजास्त करणं) किंवा सॅम्पल रेटची बदलाबदल नको. शेवटी एमपीथ्री परत उघडून ट्रू पीक मीटरवर बघाच. एक डीबी कमी झाल्याचं मिरवणुकीत कुणालाही कळत नाही हो.