ब्लूटूथ सुरुवातीपासून चालू असावं का? माझं मत

‘वायफाय, ब्लूटूथ सगळं बंद करूनच ऑपरेटिंग सिस्टीम द्यावी, ज्याला हवं तो चालू करेल,’ असं तुम्ही म्हणताय. मीही बरीच वर्षं हेच म्हणायचो. मग एकदा डेस्कटॉपवर लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकली, ब्लूटूथ कीबोर्ड-माऊस जोडले, रीबूट केलं. लॉगिनचा पडदा आला आणि कीबोर्ड ढिम्म. ब्लूटूथ बंद, आणि ते चालू करायला कीबोर्डच हवा! शेवटी माळ्यावरचा वायरचा कीबोर्ड खाली काढला. लिनक्सचं ब्लूटूथ सांभाळणाऱ्या ब्लूझी सॉफ्टवेअरने 2022 मध्ये 5.65 आवृत्तीत ‘ऑटोएनेबल’, म्हणजे ब्लूटूथ आपोआप चालू करणारं सेटिंग, मुळातच चालू ठेवलं, तेव्हा माझी तक्रार नव्हती.

वायफायबद्दल तर वादच नको. कित्येक लॅपटॉपना आता लॅनचं (वायरच्या नेटवर्कचं) पोर्टच नसतं, मग पहिले अपडेट उतरवायचे कशावरून?

चालू ब्लूटूथमधून कुणी हल्ला करेल, ही भीती मात्र खरी आहे. 2017 च्या ब्लूबॉर्न या ब्लूटूथमधल्या त्रुटींवरच्या हल्ल्याला पेअरिंगही (दोन उपकरणांची आधी जोडणी) लागत नव्हतं, रेडिओ चालू असला की झालं. 2023 मध्ये उघड झालेल्या सीव्हीई-2023-45866 या क्रमांकाच्या सुरक्षा-त्रुटीमध्ये हल्लेखोर स्वतःच कीबोर्ड असल्याचं भासवून तुमच्या यंत्रावर टायपिंग करू शकत होता. पण त्यातली मेख बघा. अँड्रॉइडवर नुसतं ब्लूटूथ चालू असणं पुरेसं होतं. लिनक्सवर यंत्र ‘डिस्कव्हरेबल’ही, म्हणजे आसपासच्या उपकरणांना दिसणारं, असावं लागायचं. म्हणजे रेडिओ जागा असणं वेगळं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसणं वेगळं. पहिलं चालू द्या, दुसरं कधीच आपोआप नको. आयफोनवर एअरड्रॉप (जवळच्या उपकरणांना फाइल पाठवायची सोय) ‘सर्वांसाठी’ उघडलं की 10 मिनिटांनी आपसूक मिटतं, ते मला पटतं. उघड्या नेटवर्कला न विचारता जोडलं जाणं हेही याच दुसऱ्या पंगतीतलं.

मला खरा राग येतो तो बंद केलेलं परत चालू होण्याचा. आयफोनच्या आयओएस 11 पासून कंट्रोल सेंटरमधलं वायफायचं बटण दाबलं तरी रेडिओ बंद होत नाही, नुसतं कनेक्शन तुटतं, आणि पहाटे 5 ला गाडी पुन्हा रुळावर! सुरुवातीला काय चालू होतं यापेक्षा मी बंद केलेलं बंद राहतं का, हे मी आधी बघतो.

तुम्ही लिनक्सवर आहात ना? ‘आरएफकिल’ या रेडिओ बंद-चालू करणाऱ्या कमांडने ब्लूटूथ ब्लॉक करा आणि रीबूट करून पुन्हा तिचीच यादी बघा. लिनक्स सुरू करून त्याच्या सेवा सांभाळणारं सिस्टमडी ही स्थिती लक्षात ठेवतं. तरीही ‘सॉफ्ट ब्लॉक्ड’समोर (सॉफ्टवेअरने बंद केलंय का, या रकान्यात) ‘नाही’ दिसलं, तर बहुधा डेस्कटॉपचं एखादं ॲपलेट (पट्टीवरचं छोटं ॲप) मध्ये लुडबुड करतंय, आधी ते शोधा.