गंभीर मलेरिया : मुलांत एक, मोठ्यांत दुसरा?

प्रश्न : आमच्या शेजारच्या बांधकामावरचा झारखंडचा एक तरुण गवंडी गावाहून परतल्यावर दहा-बारा दिवसांनी तापाने फणफणला. इस्पितळात नेले तेव्हा डोळे पिवळे आणि लघवी जवळजवळ बंद होती, मात्र तो शुद्धीवर होता. निदान झाले फाल्सिपेरम मलेरियाचे. मोझांबिकला नोकरीला असलेला माझा भाऊ सांगतो की तिथे मलेरियात लहान मुलांना झटके येतात आणि ती बेशुद्ध होतात. एकाच रोगाची अशी निरनिराळी रूपे का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : रुग्णाचे वय आणि पूर्वीच्या संसर्गांतून आलेली प्रतिकारशक्ती यांवर हे बरेचसे अवलंबून असते. मोझांबिकमध्ये प्रसार इतका दाट आहे की लहानपणी तगलेल्या मुलाला पुढे काहीसे संरक्षण मिळते, त्यामुळे तिथल्या वॉर्डांत अत्यवस्थ दिसतात ती मुख्यतः पाच वर्षांखालील मुले : कुणाचे हिमोग्लोबिन ५ ग्रॅमच्या खाली गेलेले, कुणाला एकामागून एक झटके, तर कुणाचा श्वास रक्तातील आम्लता वाढल्याने खोल आणि जोरात चाललेला. आपल्याकडे प्रौढही गंभीर होतात. गवंडी मूळचा मलेरियाच्या पट्ट्यातला असला तरी बरीच वर्षे बाहेर राहिल्यावर ते संरक्षण ओसरते.

प्रौढांत कावीळ, मूत्रपिंड निकामी होणे आणि फुफ्फुसांत पाणी साचणे हे मुलांपेक्षा बरेच अधिक आढळते, आणि रुग्ण बोलतो आहे म्हणून धोका नाही असे मानणे चूक ठरते. अशा रुग्णाच्या खाटेला लावलेल्या पिशवीत किती लघवी जमली, तिचा रंग काळपट चहासारखा आहे का, याची तासातासाला होणारी नोंद तापाच्या आकड्याइतकीच महत्त्वाची असते. लघवी होत नाही म्हणून नातेवाईक सलाईन वाढवण्याचा आग्रह धरतात. तो धरू नये, कारण जादा पाणी फुफ्फुसांत उतरते, आणि दम लागणे तर कधी कधी ताप उतरल्यानंतरही सुरू होते.

गोव्यात बहुतेक रुग्ण व्हायव्हॅक्स या मलेरियाच्या दुसऱ्या प्रकाराचे असतात. तोही क्वचित असाच गंभीर होतो. प्लेटलेट्स दोन्हींत उतरतात, पण केवळ त्यावरून गांभीर्य ठरत नाही. (पपईच्या पानांचा रस शोधण्यात गेलेला वेळ मात्र वायाच जातो.)

रूपे वेगळी असली तरी औषध एकच आहे : शिरेतून आर्टेसुनेट, पहिल्या दिवशी दाखल होताच, बारा तासांनी आणि चोवीस तासांनी. क्विनीन या जुन्या औषधाशी तुलना करता भारतासह चार आशियाई देशांतील, मुख्यतः प्रौढ रुग्णांच्या 2005 च्या चाचणीत मृत्यूचे प्रमाण 22 वरून 15 टक्क्यांवर आले. 2010 मध्ये आफ्रिकी मुलांत ते 10.9 वरून 8.5 झाले.

या औषधानंतर काहींच्या तांबड्या पेशी एक ते चार आठवड्यांनी फुटू लागतात. त्यामुळे घरी सोडल्यानंतरही गवंड्याचे हिमोग्लोबिन महिनाभर अधूनमधून तपासून घ्यावे, आणि तो पुन्हा गावी जाणार असेल तर ही गोष्ट तिथल्या डॉक्टरांसाठी कागदावर लिहून द्यावी.