वाचकांचे प्रश्न : मॉडेलमध्ये भिंतींचं वजन आहे, ताठपणा नाही

प्रश्न : पाथर्डी फाट्याजवळच्या इमारतीचं मॉडेल ईटॅब्स या संरचना-विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये केलं आहे. स्टिल्ट पार्किंगवर (नुसत्या खांबांवरचा मोकळा तळमजला) सात मजले, उंची २४ मीटर, रुंदी १६ मीटर, पाया कठीण खडकावर. रुंदीच्या दिशेने आवर्तनकाळ (इमारतीच्या एका झोक्याला लागणारा वेळ) १.८ सेकंद येतो, आयएस १८९३ या भूकंप-संहितेच्या सूत्राने मात्र ०.५४. कोणता धरायचा?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : बेस शिअरसाठी, म्हणजे पायाशी येणाऱ्या एकूण आडव्या भूकंपबलासाठी, ०.५४ च धरा. २०१६ च्या आवृत्तीनुसार नाशिक झोन तीनमध्ये, म्हणजे झेड (भूकंपाच्या तीव्रतेचा गुणक) ०.१६. आय (इमारतीच्या महत्त्वाचा गुणक) १ आणि आर (न कोसळता वाकण्याच्या क्षमतेमुळे बल कमी करणारा भाजक) ५ धरून ०.५४ सेकंदाला गुणांक, म्हणजे बेस शिअरचं वजनाशी प्रमाण, सुमारे ३ टक्के येतो. १.८ ला तो ०.९ टक्के, म्हणजे झोन तीनच्या किमान १.१ टक्क्यांच्याही खाली. भूकंपीय वजन २४,००० किलोन्यूटन असेल तर ७१० ऐवजी जेमतेम २१३ किलोन्यूटन. रिस्पॉन्स स्पेक्ट्रम या गतिक विश्लेषणाचा बेस शिअर कमी आला तर दोन्ही दिशांना वेगवेगळा गुणक लावून तो वर आणा. विस्थापनं मात्र स्केल करायची नाहीत. ३ मीटर मजल्याला ड्रिफ्टची (खालच्या मजल्याच्या तुलनेत आडवं सरकण्याची) मर्यादा १२ मिलिमीटर.

आधी मास सोर्स, म्हणजे वस्तुमान कोणत्या भारांतून घ्यायचं ती सेटिंग, तपासा. घटकांचं स्वतःचं वजन टिक केलेलं आणि यादीत डेड लोडही असेल, तर स्लॅब-बीम दोनदा मोजले जातात आणि आवर्तनकाळ फुगतो. लाइव्ह लोड (माणसं-सामानाचा भार) चौरस मीटरला ३ किलोन्यूटनपर्यंत असेल तर त्याचे २५ टक्के धरा, गच्चीचा शून्य. म्हणून गच्चीचा लोड पॅटर्न वेगळाच ठेवा. बीमला ०.३५ आणि कॉलमला ०.७० हे (काँक्रीटला तडे गेल्यावरच्या ताठपणाचे) गुणक आवर्तनकाळ कमी करण्यासाठी काढू नका, ते बरोबर आहेत.

फरकाचं खरं कारण भिंती. बीमखालची २.४ मीटर उंच, २३० मिलिमीटरची वीटभिंत तुम्ही मीटरला ११ किलोन्यूटन भार म्हणून टाकली. तिचा ताठपणा मॉडेलमध्ये कुठेच नाही. म्हणून सगळे मजले सारखेच लवचिक दिसतात आणि स्टिल्टचा कमकुवतपणा झाकला जातो. २००१ च्या भूज भूकंपात केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून दूरच्या अहमदाबादेत अशाच पार्किंगवरच्या इमारती कोसळल्या. हे गंभीर आहे.

दुसरं मॉडेल करा. वरच्या सात मजल्यांच्या भिंतींच्या जागी तिरके स्ट्रट (दाब घेणारे दांडे) द्या, दोन्ही टोकं पिन (बिजागरीसारखी), स्टिल्टमध्ये एकही नको. पहिल्या मोडमध्ये (झुलण्याच्या मुख्य प्रकारात) बहुतेक सरकणं स्टिल्टमध्येच दिसेल. तिथे दोन्ही दिशांना आरसीसी भिंती घाला. स्टिल्टचा ताठपणा वरच्या मजल्याच्या किमान ८० टक्के, ताकद ९० टक्के हवी. कोपऱ्यातल्या लिफ्टभोवतीच सगळ्या भिंती दिल्या तर इमारत पिळवटते. त्या विरुद्ध बाजूंना वाटून द्या. डिझाइन दोन्ही मॉडेलांतल्या मोठ्या बलांवर करा.

आर ५ घेतलात म्हणजे आयएस १३९२० ही भूकंपरोधक आरसीसी बांधणीची संहिता लागू. भिंतीत लपणारे २३० चे कॉलम त्यात बसत नाहीत. किमान बाजू ३०० मिलिमीटर, किंवा बीमच्या सर्वांत जाड सळईच्या २० पट, यातलं जे जास्त ते. १६ ची सळई असेल तर ३२०.